ग्रामसभेला चला

गावात दवंडी होते, "येत्या सोमवारी सकाळी दहा वाजता ग्रामसभा आहे हो!"

दवंडी सगळेच ऐकतात. पण पुष्कळ जण म्हणतात, "आपलं काय काम तिथं? पुढारी मंडळी बघून घेतील." मग कोणी शेतावर जातो, कोणी बाजाराला जातो. बायामाणसे तर तिकडे फिरकतच नाहीत.

पुढे कुरकुर सुरू होते. "नळ त्यांच्याच आळीला गेला. आमच्या वस्तीला अजून डोक्यावर हंडा!"

पारावर केलेली कुरकुर पारावरच राहते. तीच गोष्ट सभेत मांडली, तर तिच्यावर निर्णय मागता येतो.

ग्रामसभा म्हणजे काय?

ग्रामपंचायत वेगळी आणि ग्रामसभा वेगळी. ग्रामपंचायतीत आपण निवडून दिलेली माणसे बसतात. ग्रामसभेत सारा गाव बसतो. ज्याचे नाव गावच्या मतदार यादीत आहे, तो ग्रामसभेचा सभासद. त्याला फी लागत नाही, अर्ज लागत नाही. जमीनदार असो, शेतमजूर असो, सासू असो, सून असो, सभेत सगळ्यांचे मत सारखेच.

आपल्या राज्यात ग्रामपंचायतीचा कायदा सन १९५८ चा आहे. सन १९९३ मध्ये ग्रामसभेला देशाच्या राज्यघटनेतही जागा मिळाली. कायद्याप्रमाणे वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. सबळ कारण नसताना सभा घेतली नाही, तर सरपंचाचे पदसुद्धा जाऊ शकते.

सभेत काय होते?

पंचायतीचा जमाखर्च सभेपुढे ठेवतात. पुढच्या वर्षी कोणती कामे करायची ते ठरते. रस्ता, गटार, दिवे, पिण्याचे पाणी हे विषय निघतात. घरकुलाच्या यादीत कोणाचे नाव असावे, हेही सभेपुढे येते. म्हणजे पैसा गावाचा, गरज गावाची, आणि विचारणाराही गावच.

पण गाव आलाच नाही तर?

सभेला ठरावीक माणसे हजर असावी लागतात. एकूण मतदारांपैकी शेकडा १५ किंवा १००, यांत जो आकडा लहान असेल तेवढी. समजा, गावात ६०० मतदार आहेत. मग ९० माणसे हवीत. तेवढी आली नाहीत, तर सभा तहकूब होते, म्हणजे पुढे ढकलली जाते. पुढे ढकललेल्या सभेला मात्र ही अट नसते. तिथे दहा-बारा माणसे आली, तरी कामकाज होते. मग ते दहा-बारा जण सगळ्या गावाचे ठरवतात. त्यांना बोल लावून काय उपयोग? आपली जागा आपणच रिकामी ठेवली.

बायांची सभा

बायांना चार पुरुषांत बोलायला संकोच वाटतो. म्हणून ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घेण्याचा नियम आहे. पाणी, रेशन, दारूचा गुत्ता, अंगणवाडी, जे सोसता ते तिथे मोकळेपणी बोला. चार जणींनी मिळून जा. एकीचा आवाज बसतो, चौघींचा ऐकू जातो.

वाचल्याशिवाय सही नको

आता तुम्हांला वाचता येते. त्याचा खरा उपयोग इथे करा.

सभेची सूचना पंचायतीच्या फळ्यावर लावतात. ती वाचा. कोणते विषय निघणार ते पाहा. तुमचा विषय असेल तर तो कागदावर लिहून आधीच पंचायतीत द्या, आणि कागद मिळाल्याची सही घ्या.

सभेत बोलताना थोडक्यात बोला. "गावात काहीच होत नाही," असे म्हणू नका. "आमच्या वस्तीतला हातपंप तीन महिने बंद आहे. तो कधी दुरुस्त करणार?" असे विचारा. जुनी भांडणे उकरू नका. दुसऱ्याचे म्हणणेही ऐकून घ्या.

सभेत काय ठरले ते वहीत लिहितात. काही वेळा आधी कोऱ्या पानावर सह्या आणि अंगठे घेतात, आणि मजकूर मागाहून लिहितात. कोऱ्या पानावर सही करू नका. "आधी ठराव वाचून दाखवा," असे नम्रपणे पण ठामपणे सांगा. त्या पानावर तुमचे नाव असते. जे लिहिले जाईल ते तुम्ही कबूल केले, असा त्याचा अर्थ होतो.

जमाखर्चाची माहिती मिळत नसेल, तर माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे. तो सन २००५ चा. दहा रुपये फी भरून अर्ज करता येतो. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

गाव एकत्र बसला की काय होते?

नगर जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. त्या जिल्ह्यात हिवरे बाजार हे गाव आहे. पाऊस कमी, विहिरी कोरड्या, माणसे पोटासाठी बाहेर जात. सन १९८९ मध्ये पोपटराव पवार तिथे सरपंच झाले. पण एकट्या सरपंचाने गाव बदलत नसतो. गावकरी एकत्र बसले. त्यांनी श्रमदान केले, डोंगरावर चर खोदले, झाडे लावली. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, असा नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतला. यंदा पाऊस किती, पाणी किती, पीक कोणते, याचा हिशेब गाव एकत्र बसून करू लागला. नियम गावाने केला, म्हणून गावाने पाळला. बाहेर गेलेली कुटुंबे परत आली.

सभा वर्षातून चार वेळा. बाकीचे दिवसही गावाचेच आहेत. शाळेच्या व्यवस्थापन समितीत बहुतेक जागा पालकांच्या असतात. तिथे बसा. श्रमदानाला एक दिवस द्या. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना सूचना वाचून दाखवा.

पुढची दवंडी झाली की एकटे जाऊ नका. शेजाऱ्याला हाक मारा, घरच्या बाईलाही बरोबर घ्या.

चर्चा करा

१. आपल्या गावात मागची ग्रामसभा कधी झाली? तुम्ही गेला होता का?
२. आपल्या गावात मतदार किती? सभेला निदान किती माणसे हवीत?
३. पुढच्या सभेत मांडायचा एक विषय दोन ओळींत लिहा.