मेनूकडे परत कसे यावे?

वेन रॅटलिफ यांची डीबेस ही माहिती साठवण्याची प्रणाली १९८० च्या दशकात संगणकांवर लोकप्रिय झाली. तिच्यात आज्ञांची फाइल लिहून पडद्यावर मेनू दाखवता येई: १. नोंद भरा, २. नोंद शोधा, ३. बाहेर पडा. ‘डू व्हाइल’ हा मेनू पुनःपुन्हा दाखवी. ‘डू केस’ आकड्याप्रमाणे योग्य फाइल चालवी.

पण त्या फाइलीने काम संपल्यावर काय करावे? नवशिके शेवटी ‘डू मेनू’ लिहीत. मेनू दिसे खरा, पण आधीच्या फायली उघड्याच राहत. प्रत्येक फेरीला त्यांत भर पडे. शेवटी मर्यादा संपून, सकाळी सुरळीत चालणारे काम दुपारी अडे! खरा उपाय एकच शब्द: ‘रिटर्न’.

विहिरीत उतरलेल्याने त्याच पायऱ्यांनी वर यावे. नवी विहीर खणू नये.