घटनादुरुस्ती : अधिकार आणि विवेक

निवडणुकीचा हंगाम आला की 'घटना बदलणार' आणि 'घटना बदलू देणार नाही' अशा दोन्ही आरोळ्या सारख्याच जोराने उठतात. घटना बदलते कशी, हे मात्र वक्ता सांगत नाही आणि श्रोताही विचारीत नाही. गोमंतकीयांना तरी हे अज्ञान परवडणारे नाही. मुक्तीनंतर गोवा, दमण व दीव यांना भारताच्या घटनेत स्थान मिळाले ते १९६२ च्या बाराव्या दुरुस्तीने. १९८७ साली गोवा घटक राज्य झाला तो संसदेच्या पुनर्रचना कायद्याने. परंतु त्याच्या विधानसभेत किमान ३० सदस्य असावेत, ही तरतूद छप्पन्नाव्या दुरुस्तीने घटनेत आली. १९९२ साली कोंकणीचा आठव्या परिशिष्टात समावेश झाला, तोही एकाहत्तराव्या दुरुस्तीने.

ही दुरुस्ती ३६८ व्या कलमानुसार होते. विधेयक संसदेच्या कोणत्याही सभागृहात मांडता येते. मात्र प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोनतृतीयांश मताधिक्य, अशा दोन्ही कसोट्यांना ते उतरावे लागते. दोन सभागृहांत मतभेद झाल्यास संयुक्त बैठकीची पळवाट येथे नाही. राष्ट्रपतींची निवडणूक, सर्वोच्च व उच्च न्यायालये, केंद्र व राज्ये यांतील अधिकारांची वाटणी, संसदेतील राज्यांचे प्रतिनिधित्व आणि खुद्द ३६८ वे कलम यांना हात घालावयाचा, तर किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते. आज राज्ये २८ आहेत. म्हणजे १४ राज्यांची. त्यानंतर राष्ट्रपतींची संमती. १९७१ च्या चोविसाव्या दुरुस्तीपासून ती देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे.

एवढे मताधिक्य जमले म्हणजे सारे साधले काय? १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध सहा मतांनी 'नाही' असे उत्तर दिले. घटनेच्या मूलभूत चौकटीला धक्का लावता येणार नाही, असा तो निर्णय. आणीबाणीत, विरोधी पक्षांचे अनेक नेते तुरुंगात असताना, १९७६ ची बेचाळिसावी दुरुस्ती झाली. तिच्यातील पुष्कळ भाग १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मागे घ्यावा लागला. दुरुस्तीचा अधिकार अमर्याद ठरविणारे कलम १९८० साली न्यायालयाने रद्द केले. संख्या होती, विवेक नव्हता.

न्यायालय हा शेवटचा बांध आहे, पहिला नव्हे. पहिला बांध आपण निवडून दिलेले प्रतिनिधी. वस्तू व सेवा कराच्या दुरुस्तीला २०१६ साली गोव्याच्या विधानसभेनेही संमती दिली होती. अशी वेळ पुन्हा येईल. त्या वेळी मसुदा मराठी व कोंकणीत आधी जनतेसमोर यावा आणि मगच सभागृहात सविस्तर चर्चा व्हावी, अशी आमची मागणी आहे. शेत विकताना दस्तऐवज दहादा वाचणाऱ्या गोमंतकीयाने देशाच्या दस्तऐवजाबाबत बेफिकीर राहू नये.