बिबट्या उसात आला, तरी कायदा तोच

भारतातल्या वन्यप्राण्यांना संरक्षण देणारा मुख्य कायदा म्हणजे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. या कायद्याविषयी पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांच्या ऊसपट्ट्यात एक समज घट्ट बसला आहे. बिबट्याची जागा जंगलात, तो उसात किंवा वस्तीजवळ दिसला की पिंजरा लावून त्याला धरणे आणि लांबच्या जंगलात सोडणे वनखात्यावर बंधनकारक आहे, असे ठामपणे सांगितले जाते. ग्रामसभेच्या ठरावांत आणि बातम्यांतही हेच येते. कायद्यात मात्र असे कुठेही लिहिलेले नाही.

कायदा प्राणी कुठे उभा आहे हे पाहत नाही, तो कोणता आहे हे पाहतो. कलम ९ नुसार अनुसूचीत नाव असलेल्या प्राण्याची शिकार करता येत नाही, मग तो ताडोबाच्या गाभ्यात असो, कुणाच्या सातबाऱ्यावरच्या शेतात असो की विहिरीत पडलेला असो. शिकार म्हणजे फक्त गोळी घालणे, हाही असाच अपुरा समज. कलम २ मधल्या व्याख्येत विष घालणे, फास लावणे, पकडणे, हुसकावून कोंडीत आणणे आणि यांतले काहीही करण्याचा प्रयत्न करणे, हे सगळे शिकारीत मोडते. २०२२ च्या दुरुस्तीनंतरच्या अनुसूची १ मध्ये बिबट्या आहे आणि त्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैद व किमान २५,००० रुपये दंड आहे.

मग बिबट्याला धरायचे केव्हा? त्याचे उत्तर कलम ११ मध्ये आहे. अनुसूची १ मधला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला आहे, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी आहे, अशी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री पटली पाहिजे, आणि तसा कारणांसह लेखी आदेश निघाला पाहिजे. ठार मारण्याचा आदेश तर त्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा हलवणे शक्य नसेल तरच देता येतो. नुसता दिसला, बांधावरून गेला, कुत्रे उचलले, एवढ्याने ही अट पूर्ण होत नाही. केंद्र सरकारच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात : केवळ दर्शन हे पकडण्याचे कारण नाही.

यामागे प्राण्यांचे लाड नाहीत, अनुभव आहे, आणि तो महाराष्ट्रातलाच आहे. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी जुन्नर वनविभागाच्या नोंदी तपासल्या. १९९३ ते २००१ या काळात तिथे बिबट्याचे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. २००१ पासून बिबटे धरून इतरत्र सोडण्याचा सपाटा सुरू झाला आणि २००३ पर्यंत ही सरासरी सतरावर गेली. जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाणही दुपटीने वाढले. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या तिथे थांबत नाही. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला एक नर रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडला होता. तो सुमारे सव्वाशे किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. संशोधकांनी त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले होते. इकडे रिकामी झालेली हद्दही रिकामी राहत नाही, दुसरा बिबट्या तिथे येतो.

‘भरकटून आला’ हा शब्दप्रयोगही सोडून द्यायला हवा. अकोले तालुक्यातल्या शेती-वस्तीच्या भागात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. ते कुठून चुकून आलेले नव्हते, तिथेच जन्मलेले आणि वाढलेले होते.

ऊसतोडीच्या हंगामात हे उघड दिसते. फडाच्या मधल्या सरीत डोळे नुकते उघडलेली दोन-तीन पिल्ले सापडतात आणि ‘आईने टाकली’ म्हणून कुणीतरी ती घरी नेते, फोटो काढते. आईने ती टाकलेली नसतात, कोयत्यांचा आवाज ऐकून ती बाजूला झालेली असते. वनकर्मचारी पिल्ले तपासून संध्याकाळी सापडलेल्या जागीच क्रेटमध्ये ठेवतात. बहुतेकदा रात्रीतून मादी येते आणि एकेक करून ती उचलून नेते. पिल्ले परस्पर उचलणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि पिल्लांना शोधत फिरणारी चिडलेली मादी मागे राहते, ते वेगळेच.

गावकऱ्यांचा राग खोटा नाही. ज्या घरातले मूल गेले, त्यांना अनुसूची वाचून दाखवणे क्रूरपणाचे आहे. पण कायदा त्यांच्या विरोधात आहे, हे खरे नाही. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने प्राणी मारला गेला, तर कलम ११(२) नुसार तो गुन्हा ठरत नाही. अट एकच, त्या वेळी ती व्यक्ती याच कायद्याविरुद्ध काही करत नसावी. हल्ल्यात मृत्यू झाल्यास महाराष्ट्र शासन २५ लाख रुपये देते. पाळीव जनावर गेले तरी भरपाई आहे, त्यासाठी ताबडतोब कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो.

इतर प्राण्यांविषयीही असेच समज आहेत. रानडुकराला कुणीही मारावे, हे चूक. रानडुक्कर व रोही अनुसूची २ मध्ये आहेत आणि उभ्या पिकाचे नुकसान हे त्यांच्या बाबतीत ग्राह्य कारण असले, तरी अधिकृत अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतोच. पिंजऱ्यातला हिरवा पोपट ‘पाळीव’ नसतो, तो पाळणे गुन्हा आहे. मांडुळाला दोन तोंडे नसतात, त्याची शेपटी आखूड व बोथट असते एवढेच, आणि त्याच्या नावावर चालणारा गुप्तधनाचा धंदा ही निव्वळ फसवणूक व तस्करी आहे. घोरपडीचे कातडे परंपरेच्या नावाखालीही वापरता येत नाही. गोव्यात घुमट या वाद्याला आता घोरपडीऐवजी बकऱ्याचे कातडे लावतात. मेलेल्या वन्यप्राण्याची नखे, दात, शिंगे सापडणाऱ्याची होत नाहीत, ती सरकारची मालमत्ता असते आणि ४८ तासांत कळवावे लागते.

अभयारण्य म्हणजे घनदाट झाडी, हा समज अधिवासाच्याच मुळावर येतो. माळढोकसाठी १९७९ मध्ये घोषित झालेले सोलापूर-अहिल्यानगरचे अभयारण्य बहुतांशी माळरान आणि शेती होते, क्षेत्र सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर. पुढे ते सुमारे १,२२२ वर आणले गेले. माळाला ‘पडीक’ म्हणून तिथे झाडे लावणे म्हणजे माळढोक, लांडगा आणि काळवीट यांचे घर मोडणे.

उसात बिबट्या किंवा पिल्ले, विहिरीत प्राणी, घरात साप, काहीही दिसले तरी गर्दी करू नये, दगड मारू नयेत, मोबाइल घेऊन जवळ जाऊ नये. महाराष्ट्र वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.