परदेशी भांडवल आले, आपला कारागीर कोठे आहे?

परदेशी गुंतवणूक महाराष्ट्रात येत आहे, अशी बातमी आता वारंवार वाचायला मिळते. सरकारी आकड्यांप्रमाणे २०२४-२५ या वर्षात देशात समभागांच्या रूपाने जी परदेशी गुंतवणूक आली, तिच्यापैकी ३९ टक्के एकट्या महाराष्ट्रात आली. आकडा मोठा आहे. परंतु ओझरच्या बाजारात कापड विकणाऱ्या आमच्यासारख्या व्यापाऱ्याच्या आणि लेथवर, मागावर किंवा शिलाई मशीनवर पोट असलेल्या कारागिराच्या पदरात त्यातून काय पडते, हा खरा प्रश्न आहे.

काही लोक म्हणतात, परदेशी कंपनी आली की लहान माणूस संपला. काही लोक म्हणतात, एक मोठा कारखाना येऊ द्या, जिल्ह्याचे नशीब पालटेल. आमच्या मते ही दोन्ही मते अर्धवट आहेत. याचा निवाडा करायला लांब जाण्याची गरज नाही. मुंबई-आग्रा महामार्गावर नाशिक सोडले की ओझर लागते, पुढे पिंपळगाव, चांदवड आणि मग मालेगाव. ओझरला परदेशी तंत्र आले, मालेगावला ते आले नाही. दोन्ही गावांचा हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहिला तर बरेच काही उलगडते.

ओझरला काय मिळाले?

१९६२ मध्ये भारताने मिग-२१ विमाने देशात बांधण्यासाठी सोव्हिएत रशियाशी करार केला. कामाची वाटणी तीन ठिकाणी झाली. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक सामग्री हैदराबादला. त्या वेळी संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, आणि १९६३ मध्ये ते नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते. १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्स म्हणजे एचएएल ही कंपनी उभी राहिली आणि ओझरचा कारखाना तिच्याकडे आला. आजही लोक या वसाहतीला ‘ओझर मिग’ म्हणूनच ओळखतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ओझरला आले ते परदेशी मालकाचे भांडवल नव्हते. मालकी भारत सरकारची होती. बाहेरून आले ते नकाशे, तंत्र आणि प्रशिक्षण. पगारदार माणसे आली, वसाहत वसली, शाळा निघाल्या. बाजाराला कायमचे गिऱ्हाईक मिळाले. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कापड, शिलाई, भांडी, किराणा अशा सर्वच दुकानांना त्या पगाराचा आधार राहिला.

परंतु पगाराचा पैसा बाजारात फिरणे वेगळे आणि कारखान्याचे काम गावातल्या कारागिराच्या हाती येणे वेगळे. त्या काळच्या सरकारी कारखान्यांची रीतच अशी होती की जमेल तितके काम चार भिंतींच्या आत करायचे. त्यामुळे बाहेरच्या लहान वर्कशॉपला त्या कामात शिरकाव मिळायला फार वर्षे लागली.

उसन्या तंत्राची दुसरी बाजूही ओझरने पाहिली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि सुट्या भागांसाठी हवाई दलाची मोठी ओढाताण झाली. पुढे २००० मध्ये सुखोई-३० साठी रशियाशी परवान्याचा करार झाला, २००४ पासून ओझरला सुखोई तयार होऊ लागले आणि एकूण २२२ विमाने येथून गेली. ती ऑर्डर संपत आली तेव्हा पुढे काय, ही काळजी साऱ्या बाजाराला लागली होती. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोईंची सुमारे १३,५०० कोटी रुपयांची ऑर्डर मिळाली. या विमानांत ६२.६ टक्के भाग स्वदेशी असतील, असे सरकारने जाहीर केले आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झाले आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए उडाले. रशियन नकाशावर काम शिकलेला कारखाना आता देशात आखलेले विमान बांधतो आहे. अर्थात तेजसचे इंजिन अजून अमेरिकेतून येते आणि ते वेळेवर न आल्याने विमाने रखडली, हेही खरे आहे.

आमच्या व्यापारी बांधवांनी यातून एवढे घ्यावे: बाहेरून आलेली ऑर्डर संपते, करार संपतो, पण शिकलेले काम हाती राहते. सहा दशकांत ओझरला सर्वांत मोलाचे काही मिळाले असेल तर ते हे कसब आहे.

सातपूर, अंबड आणि मोहाडी

नाशिकला खरे परदेशी भांडवल आले ते मायको या कंपनीच्या रूपाने. जर्मनीच्या बॉश कंपनीचा हा कारखाना १९७० च्या आसपास सातपूरला सुरू झाला आणि २००८ पासून तो बॉश नावाने ओळखला जातो. डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर हे त्याचे मुख्य काम. असे काम केसापेक्षा बारीक मापाचे असते. ते करता करता सातपूर-अंबड भागात टूल घासणारे, उष्णता प्रक्रिया करणारे, गेज बनवणारे लहान उद्योजक तयार झाले. कित्येकजण आधी मोठ्या कारखान्यात नोकरीला होते, मग शेडमध्ये एक मशीन टाकून स्वतःचे मालक झाले.

धंदे एका जागी गोळा झाले की असे घडते. उस्ताद जवळ असतो, शागीर्द जवळ मिळतो, बिघडलेले मशीन त्याच दिवशी दुरुस्त होते आणि गिऱ्हाईक एका फेरीत दहा दारे पाहतो. इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये हाच विचार मांडला होता. आज सरकारी भाषेत त्याला क्लस्टर म्हणतात. आपल्या बाजारपेठांतून तर सराफ, तांबट, अत्तारवाले, कापडवाले शेकडो वर्षे असेच शेजारी शेजारी बसत आले आहेत.

मात्र एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्यात धोका असतो. २०१९ मध्ये वाहन उद्योगात मंदी आली तेव्हा नाशिकच्या बॉश कारखान्याला काही दिवस उत्पादन बंद ठेवावे लागले. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांना बीएस-६ चा नियम लागला आणि जुन्या पद्धतीच्या सुट्या भागांची मागणी आटली. अशा वेळी ज्या वर्कशॉपकडे एकच गिऱ्हाईक असते ते आडवे होते आणि ज्याच्याकडे चार असतात ते तग धरते.

तिसरे उदाहरण शेतकऱ्यांचे आहे. ओझरजवळच दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी आहे. द्राक्ष उत्पादक आधी एकत्र आले, माल निवडण्याची, थंड करण्याची, पॅक करण्याची व्यवस्था त्यांनी उभी केली, युरोपच्या बाजाराच्या कसोटीला आपला माल उतरवला. मग २०२२ मध्ये बेल्जियम, नेदरलँड्स आणि फ्रान्सच्या वित्तसंस्थांनी त्यात ३१० कोटी रुपये गुंतवले. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी एकी आणि माल, नंतर परदेशी पैसा. एकटा शेतकरी त्यांच्यासमोर बसला असता तर सौदा त्यांच्या अटींवर झाला असता.

मालेगावात काय कमी आहे?

आता याच रस्त्याने मालेगावला जाऊ. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून निघालेले मोमीन-अन्सारी विणकर येथे वसले. १९३० च्या दशकापासून हातमागाच्या जागी यंत्रमाग येऊ लागले आणि आज लाखाहून अधिक माग येथे चालतात. यासाठी कोणा परदेशी कंपनीने पैसा लावला नाही. आपल्याच लोकांनी घाम गाळून हे क्लस्टर उभे केले. एवढ्या मेहनतीनंतरही विणकराच्या हाती मुनाफा का राहत नाही?

आम्ही या कारोबारात तीस वर्षे आहोत, म्हणून उत्तर सरळ सांगतो. मालेगावचा माल मुख्यतः कोरा निघतो. तो धुवायला, रंगवायला, छापायला राजस्थानात पाली-बालोतऱ्याला किंवा गुजरातेत जातो. सूत बाहेरून येते, त्याचा भाव बाहेर ठरतो. कोऱ्या कापडाचा भावही बाहेरच ठरतो. मध्ये राहते ती विणाई, आणि विणाईत पैशांचा हिशेब चालतो, रुपयांचा नाही. जो ताका कोरा असताना स्वस्तात गेला तोच रंग चढून, घडी पडून, छाप लागून आमच्या दुकानात परत येतो तेव्हा वाढलेली किंमत दुसऱ्याच गावाने कमावलेली असते. पुष्कळ माग अजून साधेच आहेत. पन्हा कमी-जास्त होतो, पिकाचा भरवसा नसतो, आणि मोठा खरेदीदार याच कारणाने पाठ फिरवतो.

तमिळनाडूतील तिरुपूर पाहा. तेथेही लहान लहान कारखानदार होते आणि भांडवल बहुतेक घरचेच होते. परंतु १९९० मध्ये त्यांनी निर्यातदारांची संघटना स्थापन केली आणि होजिअरी विणण्यापासून तयार कपड्यापर्यंत सारे काम एका गावात आणले. परदेशी कंपन्या तेथे मालक होऊन आल्या नाहीत, खरेदीदार होऊन आल्या. २०२४-२५ मध्ये तिरुपूरची निर्यात सुमारे ४० हजार कोटी रुपयांवर गेली. त्यांच्यावरही संकटे आली. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने नदी प्रदूषित करणारे सातशेहून अधिक रंगाई कारखाने बंद झाले. मग त्यांना रंगाचे पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची यंत्रणा उभारावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के जकात लावली तेव्हा त्याच बाजारावर भिस्त असलेल्यांचे हाल झाले. मालेगावात रंगाई आणायची असेल तर सांडपाण्याची व्यवस्था आधी करावी लागेल, हा तिरुपूरने महाग किंमत देऊन शिकवलेला धडा आहे.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट कागदाची. उद्यम नोंदणी मोफत होते, तरी आपले पुष्कळ कारागीर तिच्याविना काम करतात. केंद्र सरकारच्या कंपन्यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के माल आणि सेवा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्याव्यात, असे धोरण आहे. एचएएलही त्यात येते. पण ज्याचे नाव कोठे नोंदलेलेच नाही त्याला हा हक्क कोण देणार? विमानाच्या कामात तर कागद मालाइतकाच महत्त्वाचा असतो. धातूचा तुकडा कोणत्या लॉटचा, कोणी कापला, कोणत्या मापाने तपासला, याची प्रत्येक नगाची नोंद लागते. एएस-९१०० हे प्रमाणपत्र याच शिस्तीसाठी आहे. हात कितीही सफाईदार असला तरी नोंदीशिवाय तेथे दार उघडत नाही.

दुसरी गोष्ट एकीची. मोजमापाचे महागडे यंत्र एका वर्कशॉपला परवडत नाही, वीस जणांना परवडते. अंबडला नाशिक इंजिनिअरिंग क्लस्टर याच विचाराने उभे राहिले आहे. लघुउद्योगांच्या क्लस्टर योजनेत अशा सामाईक सुविधा केंद्राच्या खर्चाचा मोठा वाटा सरकार अनुदान म्हणून देते. यंत्रमागधारकांनी चाचणी प्रयोगशाळा, सायझिंग आणि रंगाई यांसाठी हा मार्ग धरावा. परंतु अर्ज करण्याआधी आपसांत हिशेब स्वच्छ ठेवण्याची तयारी हवी. नाहीतर केंद्राची इमारत उभी राहते आणि कुलूप भागीदारांच्या भांडणाचे लागते.

तिसरी गोष्ट पैशाची. लहान उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. आयकर कायद्यातही २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तरतूद आली की सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे देणे मुदतीत दिले नाही तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. कापड बाजारात या तरतुदीविरुद्ध बरीच ओरड झाली. आम्ही स्वतः व्यापारी असूनही म्हणतो की कायद्याचा हेतू रास्त आहे. आपल्या पेठांत नव्वद नव्वद दिवसांची उधारी चालते. तोपर्यंत विणकर सूत कोठून आणणार आणि माग कशाने सुधारणार? मोठी कंपनी आपले पैसे अडवते म्हणून तक्रार करणाऱ्याने मागवाल्याचे पैसे अडवू नयेत.

चौथी गोष्ट मुलांची. एचएएलच्या नाशिक विभागात आयटीआय झालेल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घेतले जाते. आपल्या मोहल्ल्यांत दहावीनंतर मुलगा सरळ गॅरेजमध्ये किंवा मागावर बसतो. त्याच्या हातात हुनर असतो, पण नकाशा वाचता येत नाही, सीएनसी मशीन चालवता येत नाही. आयटीआयची दोन वर्षे घरच्या कमाईत थोडी ओढ लावतात, परंतु पुढची चाळीस वर्षे सावरतात. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी आणि इंग्रजीची भीती वाटते. आम्हीही उर्दू शाळेतच शिकलो. दुकानात बसून मराठी लिहिणे-वाचणे जमले, तर वर्गात बसून तांत्रिक शब्द शिकणे का जमू नये? जमातच्या जबाबदार मंडळींनी अर्जाच्या तारखा मोहल्ल्यात कळवण्याचे एवढे एक काम अंगावर घेतले तरी पुष्कळ होईल.

परदेशी भांडवल कोणाचे सगे नसते आणि कोणाचे वैरीही नसते. जेथे शिस्तीचा माल, वेळेचा भरवसा आणि एकत्र बोलणारी माणसे मिळतील तेथे ते थांबते, नाहीतर पुढे जाते. आपल्या जिल्ह्यात मागही आहेत, लेथही आहेत आणि हातही आहेत. नोंदणी, एकी, वेळेवर पैसे आणि मुलांचे शिक्षण या चार कामांसाठी कोणा परदेशी कंपनीची वाट पाहण्याची गरज नाही. ती या महिन्यापासून सुरू करता येतील.