कोवळ्या कोपरांवर वेगाचा भार

सातिवली (वसई), प्रतिनिधी : वसई पूर्वेकडील सातिवली, वालीव, गोखिवरे हा पट्टा औद्योगिक गाळ्यांसाठी ओळखला जातो. या गाळ्यांच्या आणि वस्त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत चेंडू-फळी घेऊन उतरणाऱ्या मुलांची स्वप्ने मात्र दूरवर पोहोचलेली असतात. त्याला कारणही आहे. विरारमध्ये वाढलेला पृथ्वी शॉ आणि पालघरचा शार्दूल ठाकूर हे दोघेही भारताकडून कसोटी क्रिकेट खेळले. त्यामुळे जलद गोलंदाज होऊ पाहणाऱ्या मुलाच्या पालकांना चिंता असते ती त्याचा वेग वाढतो आहे की नाही याची. तो हात दिवसाला, आठवड्याला आणि वर्षाला किती चेंडू टाकतो, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

या न विचारलेल्या प्रश्नाची किंमत जगात सर्वाधिक मोजली ती बेसबॉलने. आपल्याकडे हा खेळ शालेय स्पर्धांपलीकडे फारसा रुजलेला नाही. तरीही वेगाने चेंडू फेकणाऱ्या कोवळ्या हाताचे काय होते, याचा सर्वात सखोल अभ्यास याच खेळात झाला असल्याने तो समजून घेणे उपयुक्त ठरते.

दुखणे कोपराच्या आतल्या बाजूचे

कोपराचे दुखणे म्हटले की मराठी वाचकाला सचिन तेंडुलकरचा ‘टेनिस एल्बो’ आठवतो. त्या दुखण्याने २००४मध्ये सचिनला अनेक सामन्यांना मुकावे लागले. मे २००५मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा काढून तो परतला. हे दुखणे कोपराच्या बाहेरच्या बाजूला, स्नायू हाडाला जिथे जोडले जातात तेथील होते.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या खेळाडूची, म्हणजेच पिचरची दुखापत वेगळी. ती कोपराच्या आतल्या बाजूस होते. दंडाचे हाड आणि हाताचे हाड यांना बांधून ठेवणारा एक लहानसा अस्थिबंध तेथे असतो. पिचर हात मागे नेऊन चाबकासारखा पुढे आणतो, तेव्हा कोपराची आतली बाजू ताणली जाते आणि बाहेरची दाबली जाते. निष्णात प्रौढ पिचरच्या कोपरावर वेगवान चेंडू टाकताना सुमारे ६४ न्यूटन-मीटर एवढा पीळ पडतो, असे प्रयोगशाळेतील मोजमापातून दिसले आहे. हा अस्थिबंध एकटा मात्र त्याच्या जवळजवळ निम्म्या, म्हणजे सुमारे ३२ न्यूटन-मीटर भाराला तुटतो.

मग तो प्रत्येक चेंडूला का तुटत नाही? कारण उरलेला भार हाताचे स्नायू उचलतात. सगळी मेख इथेच आहे. स्नायू थकले की तो भार अस्थिबंधावर येतो. शिवाय व्यायामाने स्नायू काही महिन्यांत बळकट होतात, पण अस्थिबंध त्या गतीने बळकट होत नाही. म्हणजे वेग वाढवणारे इंजिन मोठे होते, पण त्याला धरून ठेवणारा बोल्ट तेवढाच राहतो.

टॉमी जॉनची शस्त्रक्रिया

१९७४पर्यंत हा अस्थिबंध तुटणे म्हणजे कारकिर्दीचा शेवट मानला जाई. त्या वर्षी २५ सप्टेंबरला लॉस एंजलिसमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी डावखुरा पिचर टॉमी जॉन याच्या उजव्या हातातील एक कंडरा काढून ती डाव्या कोपरात अस्थिबंधाच्या जागी बसवली. यश मिळण्याची शक्यता शंभरात एक, असा डॉक्टरांचा अंदाज होता. टॉमी जॉन १९७६मध्ये मैदानात परतला आणि १९८९पर्यंत खेळला. त्याच्या नावावरील २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. पुढे ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

या यशाने एक घातक गैरसमजही जन्माला घातला. शस्त्रक्रियेनंतर हात पूर्वीपेक्षा दमदार होतो, असे अमेरिकेतील अनेक पालक आणि प्रशिक्षकांना वाटू लागले. वास्तवात पूर्ववत होण्यास साधारण बारा ते अठरा महिने लागतात आणि सगळेच खेळाडू पूर्वीच्या दर्जाने परतत नाहीत. जपानचा विख्यात खेळाडू शोहेई ओतानी याच्या कोपरावर २०१८मध्ये आणि पुन्हा २०२३मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली.

वेग वाढला, विश्रांती घटली

शास्त्र पुढे गेले, तरी दुखापती का वाढल्या? अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलने डिसेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात वेगाचा ध्यास आणि प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीनिशी टाकण्याची सवय यांवर बोट ठेवले आहे. २००८मध्ये तेथील वेगवान चेंडूचा सरासरी वेग ताशी सुमारे १४७ किलोमीटर होता. तो २०२४मध्ये सुमारे १५२ किलोमीटरवर गेला. वेग दिसला की निवड होते आणि निवड झाली की पैसा मिळतो. साहजिकच शाळकरी मुलेही त्याच मागे धावतात.

शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या किशोरवयीन पिचरांची तुलना करणारा एक अमेरिकी अभ्यास २००६मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षातील आठ महिन्यांहून अधिक काळ स्पर्धांत खेळणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट, तर हात थकलेला असतानाही नेहमी चेंडू टाकणाऱ्यांमध्ये ती ३६ पट आढळली.

जपानमध्ये तर शालेय बेसबॉलची कोशिएन स्पर्धा हा राष्ट्रीय सोहळाच आहे. तेथे १९९८मध्ये दाइसुके मात्सुझाका याने १७ डाव चाललेल्या एकाच सामन्यात २५० चेंडू टाकले आणि तो घराघरांत पोहोचला. २०११मध्ये त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. अखेर २०२०पासून जपानच्या शालेय महासंघाने एका पिचरला आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा घातली.

लहान मुलांच्या बाबतीत धोका आणखी निराळा असतो. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी कूर्चेचा वाढीचा थर असतो आणि तो अस्थिबंधापेक्षाही नाजूक असतो. त्यामुळे बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा अस्थिबंध टिकतो, पण हाडाचा तो कोवळा भागच ओढला जातो, क्वचित तुटतोही.

आपल्याकडे कोपर आणि कंबरही

भारतात या प्रश्नाशी सर्वात जवळचे उदाहरण भालाफेकीचे. नीरज चोप्राच्या उजव्या कोपरावर मे २०१९मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तो अवघा २१ वर्षांचा होता. त्या वर्षीची दोहा येथील जागतिक स्पर्धा त्याला मुकावी लागली. जानेवारी २०२०मध्ये दक्षिण आफ्रिकेत ८७.८६ मीटर फेक करून तो परतला आणि ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत सुवर्णपदक जिंकले. २००८मध्ये अमेरिकेच्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाने करारबद्ध केलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशचे तरुणही मूळचे भालाफेकपटूच होते. रिंकूची बेसबॉलमधील वाटचाल पुढे दुखापतींनीच अडवली.

क्रिकेटमध्ये नियमच कोपराचे काही अंशी रक्षण करतो. चेंडू टाकताना कोपर १५ अंशांहून अधिक सरळ करता येत नाही. पण शरीरावरचा भार नाहीसा होत नाही, तो कमरेच्या मणक्यांकडे सरकतो. जसप्रीत बुमराच्या पाठीचे दुखणे २०१९मध्ये सुरू झाले आणि मार्च २०२३मध्ये न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया करण्यापर्यंत पोहोचले. इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरला तर दोन्ही भोगावे लागले. २०२१मध्ये कोपरावर दोनदा शस्त्रक्रिया आणि २०२२मध्ये कमरेच्या मणक्याला ताणामुळे आलेली चीर.

आणखी एक बाब सहज नजरेतून सुटते. सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे चेंडू फेकताना क्षेत्ररक्षकाचे कोपर पिचरप्रमाणेच वाकते आणि झटक्याने सरळ होते. तेथे १५ अंशांचा नियम नसतो. गोलंदाजी केलेल्या हाताने दिवसभर सीमारेषेवरून फेकी केल्या, तर त्याही हिशेबात धरायला हव्यात.

हिशेब एकाच्या हाती हवा

वसई-विरारच्या मुलाचे वर्ष कसे जाते ते पाहावे. उन्हाळ्यात शिबिर, पावसाळ्यात मुंबईतील कांगा लीग, त्यानंतर गाइल्स आणि हॅरिस शील्डसारख्या शालेय स्पर्धा, आणि हिवाळ्याच्या रात्री प्रकाशझोतातील टेनिस चेंडूंचे सामने. त्यात जड किट खांद्यावर घेऊन विरार लोकलमधून होणाऱ्या फेऱ्या. शाळेचा प्रशिक्षक शाळेची षटके मोजतो, क्लबचा क्लबची आणि टेनिस चेंडूच्या सामन्यातील षटके तर कोणीच मोजत नाही. हात मात्र एकच असतो.

अमेरिकेत २०१४मध्ये जाहीर झालेली मार्गदर्शक तत्त्वे येथे नमुना म्हणून घेता येतील. त्यांनुसार ९ ते १० वर्षांच्या पिचरने सामन्याच्या दिवशी ७५, ११ ते १२ वर्षांच्याने ८५ आणि १३ ते १६ वर्षांच्याने ९५हून अधिक चेंडू टाकू नयेत. १४ वर्षांखालील मुलाने एका दिवसात ६६ वा अधिक चेंडू टाकल्यास चार दिवस विश्रांती घ्यावी. वर्षातून किमान चार महिने फेकणे पूर्ण बंद ठेवावे आणि त्यातील दोन-तीन महिने सलग असावेत. हे आकडे बेसबॉलचे आहेत, ते क्रिकेटला जसेच्या तसे लागू होत नाहीत. त्यामागील तत्त्व मात्र दोन्हीकडे सारखेच आहे : चेंडू मोजा, विश्रांती ठरवून द्या आणि वर्षातून एक मोसम हाताला मोकळा ठेवा.

पालकांना त्यासाठी खर्च नाही. मुलाने सामन्यात, सरावात आणि टेनिस चेंडूवर टाकलेले चेंडू रोज एका वहीत लिहावेत आणि ती वही प्रत्येक प्रशिक्षकाला दाखवावी. कोपराच्या आतल्या बाजूला दाबल्यावर दुखणे, हात पूर्ण सरळ न होणे, करंगळी व अनामिकेला मुंग्या येणे, वेग वा अचूकता अचानक घटणे, किंवा मागे वाकताना कमरेत एकाच बाजूला कळ येणे, यांपैकी काहीही आढळल्यास मुलाची गोलंदाजी थांबवून त्याला अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्यावे. वेदनाशामक गोळी देऊन त्याला सामन्यात उतरवू नये. आरंभी हे दुखणे बहुधा विश्रांती आणि व्यायामाने आटोक्यात येते. दुर्लक्ष झाले, तर त्याच मुलाचा अख्खा मोसम बाहेर बसून जाऊ शकतो.