शमुवेलाचा हिशेब



जळगांव-धुळ्याकडे निवडणूक आली कीं ख्रिस्ती कार्यकर्त्यापुढें प्रश्न पडतो : मी माझ्या मंडळीचा, कीं सर्वांचा?

काका जोसेफ बॅप्टिस्टा यांचें उदाहरण पाहूं. यांचा जन्म १८६४ सालीं मुंबईस माझगांवांत झाला. ते कॅथलिक, तरी लोकमान्य टिळकांचे स्नेही होते. १९१६ सालीं बेळगांवास स्थापन झालेल्या होमरूल लीगचें अध्यक्षपद त्यांनीं स्वीकारलें, कामगारांची बाजू घेतली आणि १९२५ सालीं मुंबई महापालिकेचें प्रमुखपद भूषविलें. त्यांना देशासाठीं धर्म सोडावा लागला नाहीं.

शास्त्रही हेंच शिकवितें. अधिकारी कर्तबगार, देवभीरू व लांचेचा तिटकारा करणारे असावेत, असें इथ्रोनें जांवयास, म्हणजे मोशेस, सांगितलें. नहेम्या बारा वर्षें यहूदाचा सुभेदार होता; पण रयतेवरील भार पाहून त्यानें सुभेदारीचा भत्ता घेतला नाहीं. वृद्ध शमुवेलानें तर भरसभेंत विचारलें कीं, आपण कोणाचा बैल घेतला असल्यास सांगावें. बैल जाणें म्हणजे काय, हें खानदेशी शेतकऱ्यास सांगावयास नको!

परंतु खरी कसोटी आपली आहे. आपलाच माणूस चुकला म्हणजे आपण मौन धरतों. नाथान संदेष्ट्यानें तसें केलें नाहीं. दावीद राजाचा अपराध त्यानें तोंडावर सांगितला. म्हणून मत देतांना 'हा आपला कीं परका' हें न विचारतां, हा शमुवेलासारखा हिशेब देईल काय, एवढेंच विचारावें. आणि तो न दिल्यास मागण्याचें धैर्यही अंगीं बाणवावें.