आधी उडी ठरवा

शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्ट म्हणून गेम करायला बसली की चर्चा हमखास कथेपासून सुरू होते. गड, भुयार, हरवलेली तलवार, शेवटी अक्राळविक्राळ राक्षस. मार्गदर्शक म्हणून मी अशा बैठकांना बसतो आणि माझा आग्रह एकच असतो: टूडी प्लॅटफॉर्मर करताय ना, मग आधी उडी ठरवा.

यंदाच्या चौघांनाही तेच विचारलं. तुमचं पात्र किती उंच उडतं?

“सर, ते नंतर बघू की,” कोड लिहिणारा म्हणाला.

“अरे, मग मी भिंत किती उंच काढू?” चित्रं करणारी लगेच म्हणाली. तिचा प्रश्न अगदी रास्त होता.

मग फळ्यावर हिशेब मांडला. टाइल 16 पिक्सेलची. उडी साडेतीन टाइल, म्हणजे 56 पिक्सेल. वरच्या टोकाला पोचायला 0.4 सेकंद. उंचीच्या दुपटीला वेळेच्या वर्गानं भागलं की गुरुत्वाकर्षण मिळतं, 700. नुसत्या वेळेनं भागलं की उडीचा सुरुवातीचा वेग, 280. अकरावीचंच फिजिक्स, पण इथं ते बोटांना जाणवतं. आडवा वेग सेकंदाला 100 पिक्सेल धरला, तर 0.8 सेकंदांच्या उडीत पात्र 80 पिक्सेल, म्हणजे बरोबर पाच टाइल पार करतं.

गोडो या गेम इंजिनमध्ये नुसते करडे चौकोन टाकून पाहिलं. पात्र फुग्यासारखं तरंगत होतं. खाली येताना गुरुत्वाकर्षण दुप्पट केलं, तेव्हा उडीला वजन आलं. पण हवेतला वेळ 0.68 सेकंदांवर आला आणि पल्ला जेमतेम सव्वाचार टाइल उरला. लेव्हल आखणाऱ्या मुलीनं ग्राफ पेपरवर पाच टाइलचे खड्डे काढले होते. तिनं मुकाट्यानं खोडरबर घेतला. एक आकडा बदलला की सगळा नकाशा बदलतो, हे तेव्हा चौघांनाही एकदमच उमगलं. चित्रं तोवर रंगवून झाली असती, तर काही आठवड्यांचं काम वाया गेलं असतं.

ग्राफ पेपर जुनाच मार्ग आहे. 1985च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या लेव्हल शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी अशाच कागदावर आखल्या होत्या. पहिल्या लेव्हलमध्ये दोन जिन्यांमधली एक फट अशी आहे, की तिच्यात पडलं तरी खाली जमीन असते. पुढच्या तशाच फटीत मात्र जीव जातो. एकही सूचना न देता खेळणाऱ्याला शिकवायची ही रीत मला फार मोलाची वाटते. आमच्या गटानंही पहिला खड्डा तळ असलेलाच ठेवला.

कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी घेता यावी, ही ‘सेलेस्ट’ या गेममधली सवलत चौथ्यानं सुचवली. सहा फ्रेम, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. खेळणाऱ्याला ती दिसत नाही, पण ‘मी बटण दाबलं होतं!’ ही तक्रार मिटते.

पाच लेव्हलच्या दोन झाल्या, राक्षस गेला. त्यावर फार वाद झाला नाही. डबल जंपवर मात्र अजून एकमत नाही. कोडवाला म्हणतो, दोन ओळींचं काम आहे. चित्रवाली म्हणते, मग माझ्या प्रत्येक भिंतीची उंची बदलेल. मी तिच्या बाजूनं आहे.